हात थरथरतात म्हणून क्लोनॅझेपाम: सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंत

गेल्या आठवड्यात पारोळ्याहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्या हातांची थरथर वाढली म्हणून डॉक्टरांनी क्लोनॅझेपाम लिहून दिली होती. मेडिकलवाल्याने पट्टी हातात देताना "ही सवयीची गोळी आहे हं मावशी" असं म्हणून तिला पार घाबरवून सोडलं. मी ही गोळी जवळजवळ पावणेदोन वर्षं घेतली आणि नंतर बंद केली, हे तिला माहीत होतं. तासभर बोलणं झालं. शेवटी ती म्हणाली, "आक्का, हे लिहून काढ ना कुठंतरी." म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे. वय ५१. माझा डोस तो तुमचा डोस नाही, एवढं लक्षात ठेवून पुढं वाचा.

हात तसे आधीपासूनच थोडे हलायचे. पण नजरेत भरलं ते जून २०२२ मध्ये, प्रवेशाच्या गर्दीत. आमच्या शाळेत जनरल रजिस्टर अजून हातानेच लिहितात. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जात, आधीची शाळा. त्यात खाडाखोड चालत नाही. पुढं पंचवीस-तीस वर्षांनी कुणीतरी जातपडताळणीसाठी त्याच पानाचा उतारा मागायला येतो आणि एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर त्याचं काम अडतं. माझं अक्षर चांगलं म्हणून हे रजिस्टर वर्षानुवर्षं माझ्याकडे. त्या जूनमध्ये मात्र काना सरळ उतरेना, अनुस्वार भलत्याच अक्षरावर पडायला लागले. मुख्याध्यापक सर काही बोलले नाहीत, फक्त एकदा विचारलं, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

घरी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. सासूबाईंनी एक दिवस सरळच विचारलं, "तुना हात काब्र थरथरतस वं?" मी म्हटलं, दमले असेन. बाहेरच्यांचे अंदाज वेगळे. बाई असली की घाबरट ठरते, पुरुष असता तर पितो म्हणाले असते. माझ्या मनात मात्र एकच शब्द होता, कंपवात. आमच्या गल्लीतल्या एका काकांना पार्किन्सन होता आणि त्यांची शेवटची वर्षं मी पाहिली होती. त्यामुळं डॉक्टरकडं जायचंच टाळत होते.

जुलैत आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टेन्शन असेल म्हणून थोड्या दिवसांसाठी अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम रात्री दिली. क्लोनॅझेपामही ज्यात येते त्या बेन्झोडायझेपिन या गोळ्यांच्या गटाशी माझी ती पहिली ओळख. दोन-तीन दिवसांत हात बराच शांत झाला. मी खूश. म्हटलं, म्हणजे टेन्शनच होतं. पण परत दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली नाही. म्हणाले, "या गोळीने कशानेही हलणारा हात थोडा थांबतो. बरं वाटलं म्हणून टेन्शनच होतं असं ठरत नाही. जळगावला न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा." त्यांच्या या वाक्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. नाहीतर मी वर्षानुवर्षं ती गोळी 'टेन्शनची' म्हणून खात बसले असते.

जळगावला फोनवर नंबर लावावा लागतो. मला ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातला मिळाला. सकाळच्या सुरत-भुसावळ गाडीने धरणगावमार्गे गेलो, मी आणि आमचे हे. पहिल्या तपासणीची फी ८०० रुपये. नंबर अकराचा होता, आत बोलावलं तेव्हा तीन वाजत आले होते. डबा सोबत नेला होता ते बरं झालं. पुढं जाणाऱ्यांना सांगते, आधी घेतलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या. होमिओपॅथी, आयुर्वेद, दम्याचा पंप, सगळं. आणि थरथर दिसावी म्हणून उपाशीपोटी जाऊ नका. ती दिसतेच.

डॉक्टर मॅडमनी आधी नुसते हात मांडीवर ठेवायला सांगितले आणि बघत बसल्या. हात शांत. मग समोर ताणून धरायला लावले, तसे बोटं फडफडायला लागली. स्वतःच्या नाकाला आणि त्यांच्या बोटाला आळीपाळीने बोट लावायला सांगितलं. एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. मनगटं फिरवून ताठरपणा आहे का ते पाहिलं, कॉरिडॉरमध्ये चालून दाखवायला लावलं. शेवटी कोरा कागद. हात टेबलाला न टेकवता आतून बाहेर गोल गोल चकली काढा म्हणाल्या. दिवाळीत सोऱ्यातून सरळ चकली पाडणारी मी, पण कागदावरच्या त्या चकलीला सगळीकडं काटे फुटले. उजव्या हाताची वाईट, डाव्या हाताची त्याहून वाईट.

मग विचारलं, "घरात आणखी कुणाचे हात हलायचे?" मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात हे म्हणाले, "आप्पांचे." खरंच की. माझे वडील चहा कधी कपबशीतून घ्यायचे नाहीत. स्टीलचा ग्लास, तोही अर्धाच भरलेला, आणि दोन्ही हातांनी धरलेला. आम्हाला ती त्यांची लकब वाटायची. लग्नकार्यात ते पंगतीत वाढायला कधी उभे राहिले नाहीत, त्याचंही कारण मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

निदान झालं इसेन्शियल ट्रेमर. मॅडमनी फरक समजावून सांगितला. पार्किन्सनची थरथर बहुधा हात स्वस्थ असताना दिसते, एका बाजूने सुरू होते, हालचाली मंदावतात आणि अक्षर बारीक बारीक होत जातं. माझी थरथर हाताने काही करायला गेलं की येते, दोन्ही हातांत आहे आणि अक्षर मोठं, वेडंवाकडं होतं. पुष्कळ घरांत ही पिढ्यान्‌पिढ्या उतरते. थायरॉईड वाढलं तरी हात कापतात म्हणून टीएसएच तपासायला सांगितलं, ते नॉर्मल निघालं. एमआरआयची गरज नाही म्हणाल्या. मी मनात पैसे मोजून बसले होते, ते वाचले. जिन्यावरून उतरताना मला रडू आलं. हे घाबरले, पण ते सुटल्याचं रडू होतं.

घरी आल्यावर नात्यातल्या एकांनी कवचबीजाचं चूर्ण आणून दिलं, कंपवातावर रामबाण म्हणून. पुढच्या भेटीत पाकीट दाखवलं. मॅडम म्हणाल्या, कवचबीजात लेव्होडोपा असतं. ते पार्किन्सनवरचं औषध आहे, तुमच्या थरथरीला त्याचा उपयोग नाही. पाकीट तसंच फडताळात राहिलं.

आता औषधाकडं येते. या आजारावर पहिल्या पसंतीची औषधं दोन, प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन. मला दमा आहे. अमळनेरच्या आसपास कापसाचं जिनिंग सुरू झालं की ऑक्टोबरपासून माझा पंप बाहेर निघतो. दम्याच्या माणसाला प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत, त्याने श्वासनलिका आवळतात. वर गंमत अशी की पंपातल्या साल्ब्युटामॉलनेही हात थरथरतो. म्हणजे श्वास सुटतो आणि हात धावायला लागतो. पंप बंद करायचा नाही, पण उठसूट घ्यायचाही नाही, असं ठरलं. छातीच्या डॉक्टरांनी रोजचा वेगळा पंप दिला, त्याने साल्ब्युटामॉल कमी लागायला लागलं.

मग प्रिमिडोन, तेही ५० ची अर्धी गोळी, रात्री. त्या रात्री जे झालं ते विसरणार नाही. खोली फिरायला लागली, ओकारी, पाय लटपट. सासूबाई उशाशी बसून होत्या. मॅडमनी आधी बजावलं होतं की पहिल्या डोसला काही जणांना असं होतं, म्हणून तर इतका छोटा डोस दिला होता. मधे थोडे दिवस जाऊ देऊन पाव गोळीने पुन्हा सुरू करून पाहिली. तेच झालं. टोपिरामेट नावाचं तिसरं औषध होतं, पण २०१९ मध्ये मला मूतखडा झाला होता आणि टोपिरामेटने खडे होण्याचा धोका वाढतो. आमच्याकडचा उन्हाळा आणि त्यात मूतखडा, जाऊ द्या.

असं एकेक दार बंद होत नोव्हेंबर २०२२ मध्ये क्लोनॅझेपामवर आलो. मी विचारलं, जुलैमधली ती अल्प्राझोलाम छान लागू पडली होती, तीच का नको? मॅडमनी सरळ उत्तर दिलं. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या मार्गदर्शिकेत अल्प्राझोलामचा पुरावा क्लोनॅझेपामपेक्षा बरा धरलाय. पण अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरते, उतरताना हात पुन्हा उसळतो, पुढची गोळी हवीशी वाटते आणि सवय पटकन लागते. क्लोनॅझेपाम सावकाश उतरते, अर्धी उतरायलाच दीडेक दिवस लागतो. या गटाच्या गोळ्या मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचं काम वाढवतात. मेंदूला ब्रेक लावणारं रसायन ते. ब्रेक फक्त हातालाच लागत नाही, सगळ्यालाच लागतो. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

त्याच बैठकीत मी विचारलेला एक प्रश्न पुढं फार उपयोगी पडला, "ही बंद कशी करायची?" त्यांनी फाइलवरच लिहून दिलं: अचानक बंद करू नये, झटके येऊ शकतात, दर काही महिन्यांनी डोसचा फेरविचार. सोबत दारू नको, झोपेची दुसरी गोळी नको, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नको, कारण मिळून श्वास मंदावतो. मला दमा असल्याने याला दुहेरी अर्थ होता. दातांच्या डॉक्टरकडं गेलात तरी ही गोळी चालू आहे हे सांगा. आणि सुरुवातीचे आठवडे स्कूटी नको. मी रोज स्कूटीवर शाळेत जाणारी. मग आमच्याच रस्त्याने येणाऱ्या एका शिक्षिकेच्या मागं बसून जायला लागले.

सुरुवात रात्री ०.२५ ने. पहिल्या आठवड्यात सकाळी डोकं जड, जीभ जड. साडेअकराला टेबलावर डोकं टेकावंसं वाटायचं. मग ते कमी झालं. पुढं डोस वाढत वाढत सकाळी ०.५ आणि रात्री ०.५ असा झाला. हात थांबला का? पूर्ण नाही. अर्ध्याहून थोडा जास्त शांत झाला म्हणेन. मी एका जुन्या वहीत दर रविवारी चकली काढायचे, तारीख घालून. नोव्हेंबरची आणि फेब्रुवारीची चकली शेजारी ठेवली की फरक कुणालाही दिसायचा. डॉक्टरांनाही हीच वही दाखवायचे. 'बरं वाटतंय' म्हणण्यापेक्षा त्यांना ती जास्त आवडायची.

आता मेडिकलच्या दुकानातली गोष्ट. क्लोनॅझेपाम ही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीतली गोळी. अल्प्राझोलामसारख्या काही गोळ्यांसाठी तर मार्च २०१४ पासून दुकानदाराला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या हे सगळं त्यात, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. मी स्वतः रजिस्टरवाली बाई, त्यामुळं मला त्याचा राग कधी आला नाही. पण जुन्या चिठ्ठीवर गोळी मागायला गेलेल्या माणसाकडं काउंटरवरून ज्या नजरेने बघतात ती नजर बोचते. यावर माझा उपाय साधा होता. एकच दुकान धरलं, चिठ्ठीवर तारीख, गोळ्यांची संख्या, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का हे दवाखान्यातच बघून घ्यायचे, आणि शेवटची पट्टी फोडली की लगेच नंबर लावायचा. गोळ्या संपायची वाट बघायची नाही.

एकदा जळगावला जाणं जमत नव्हतं म्हणून फोनवर चिठ्ठी मागितली. मॅडम नाही म्हणाल्या. अशी औषधं त्या फोनवर लिहून देत नाहीत. मग काय, गाडी किंवा एसटी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढाच हातभार. तेव्हा फेरतपासणीची फी ५०० रुपये आणि गोळ्यांचा महिन्याचा खर्च दोनशेच्या आत होता. औषध महाग नाही, रजा महाग पडते.

आणखी एक. ही गोळी ०.२५, ०.५, १ आणि २ अशा ताकदीत मिळते. एकदा नेहमीच्या दुकानात नव्हती म्हणून दुसरीकडून घेतली, तर ०.५ ऐवजी २ ची पट्टी हातात आली. घरी आल्यावर चष्मा लावून आकडा वाचला म्हणून कळलं. कंपनीचं नाव नाही वाचलं तरी चालेल, आकडा वाचा.

याच दिवसांत, फेब्रुवारी २०२३ मध्ये, माझा एक चेक परत आला. कारण, सही जुळत नाही. खातं उघडलं तेव्हा माझी सही लांबलचक होती, आडनावाखाली झोकदार रेघ. ती आता कशी जमणार? बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने माझा हात बघितला आणि म्हणाला, "बाई, अंगठाच लावून टाका ना." मागं रांगेत माझ्या शाळेतल्या एका मुलाचे वडील उभे होते, ज्यांच्या दाखल्यावर माझं अक्षर आहे. मी काही बोलले नाही, पण अंगठा लावला नाही. सरळ शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेले.

तिथं मात्र नीट माहिती मिळाली. नमुना सही बदलता येते. साधा अर्ज, आधार, पॅन, पासबुक, एक फोटो, आणि अधिकाऱ्यासमोर नवी सही. मग मी आठवडाभर घरी नवीन सहीचा सराव करत बसले. तिघांची मतं घेतली, मुलाने सगळ्यात आखूड निवडली: आद्याक्षर आणि आडनावाची पहिली तीन अक्षरं, रेघ नाही, टिंब नाही. टिंबच सगळ्यात अवघड असतं, पेन टेकवायला गेलं की तीन उमटतात. बँकेत सही करताना कोपर टेबलावर टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. अधिकाऱ्यांनी घाई केली नाही. पुढच्याच आठवड्यात चेक वटला. सही बदलायची असेल तर गोळीने हात शांत असतानाची नव्हे, वाईट दिवशीही जमेल अशी निवडा. गोळी पुढं कमी होणार असते.

२०२३ चा जून छान गेला. रजिस्टर मीच लिहिलं. स्कूटीही हळूहळू सुरू केली. पण दिवाळीच्या सुमारास हे म्हणाले, "तू हल्ली एकच गोष्ट दोनदा विचारतेस." मला ते पटेना. मग शाळेत एका मुलीचं नाव आठवेना, जिला मी पाचवीपासून ओळखते. संध्याकाळी सातलाच पेंग यायची. रात्री उठून बाथरूमला जाताना तोल गेला, दार धरलं म्हणून वाचले. वहीतल्या चकल्याही पुन्हा काटेरी व्हायला लागल्या होत्या, डोस तोच असताना. मॅडम म्हणाल्या, शरीर गोळीला सरावतं. आता दोन रस्ते, वाढवायची किंवा उतरवायची. वाढवण्याच्या बाजूने त्या नव्हत्या. मीही नव्हते.

लगेच उतरवणी सुरू केली नाही. जिनिंगचा मोसम, दमा जोरात, त्यात झोप उडाली तर हाल. जानेवारी २०२४ मध्ये सुरुवात केली. आधी सकाळची गोळी कमी करायची, रात्रीची नंतर. एका वेळी ०.१२५, म्हणजे ०.२५ ची अर्धी, आणि मग दोन-तीन आठवडे तिथंच थांबायचं.

आता थरथरत्या हाताने मुगाच्या डाळीएवढी गोळी अर्धी करून बघा. सुरीने केली तर अर्धी कपाटाखाली. तोंडात विरघळणारा प्रकार मिळतो त्याचा तर भुगाच होतो, म्हणून चिठ्ठीवर साधी गोळी लिहून घ्या. शेवटी गोळी कापायची प्लॅस्टिकची डबी आणली, मेडिकलमध्ये तेव्हा शंभर-सव्वाशेला मिळाली. रविवारी हे आठवड्याच्या अर्ध्या करून ठेवायचे. अर्ध्या तंतोतंत होत नाहीत, थोडं कमीजास्त चालतं असं मॅडमनी सांगितलं होतं.

सकाळची गोळी जाईपर्यंत फारसं जाणवलं नाही. रात्रीची कमी व्हायला लागली तेव्हा खरी परीक्षा. प्रत्येक वेळी डोस उतरवला की चार-पाच दिवस झोप नाही, हात आधीपेक्षाही जास्त हलणार, आणि आवाज सहन होणार नाही. शेजारच्या गिरणीचा पट्टा, भांड्याचा आवाज, मोबाईलची रिंग, सगळं कानात घुसायचं. मुलावर उगाच खेकसायचे. आठवड्याने निवळायचं. हे आजार वाढल्याचं लक्षण नाही, गोळी उतरल्याचं आहे, हे माहीत नसतं तर मी पुन्हा डोस वाढवून घेतला असता. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा की या काळात आपण चिडचिडे होणार. आमच्याकडं सासूबाईंनी त्याचा उपयोग असा केला की काही बिनसलं की, "गोळी कमी करेल शे तिनी" असं म्हणून सगळ्यांना गप्प करायच्या.

त्यात लोकसभेची निवडणूक आली. आमच्या जळगाव मतदारसंघात १३ मे २०२४ ला मतदान. ड्यूटीचा आदेश आला, मतदान अधिकारी क्रमांक दोन. म्हणजे मतदाराच्या बोटाला शाई लावणारी! माझ्या हातून शाई कुणाच्या बोटाला लागेल आणि कुणाच्या साडीला, सांगता आलं नसतं. काही जण म्हणाले मेडिकल सर्टिफिकेट आणून ड्यूटी रद्द करून घे. मला ते नको होतं. रद्द करून घ्यायला चाललेले इतके असतात की खऱ्या आजारावरही कुणी विश्वास ठेवत नाही. मी प्रशिक्षणाच्या दिवशीच फाइल घेऊन केंद्राध्यक्षांना भेटले. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "ताई, तुम्ही तीन नंबरला बसा, कंट्रोल युनिटला," म्हणाले. तीन नंबरवाल्या सरांनी शाई घेतली. दिवसभर मतदान यंत्राचं बटण दाबायचं काम, त्याला हात हलला तरी फरक पडत नाही. मॅडमनी त्या पंधरवड्यात डोस आहे तिथंच ठेवायला सांगितला होता. मेच्या उन्हात, अपुऱ्या झोपेत, नवीन जागी रात्र काढायची असताना उतरवणी नको. उतरवणी थांबवता येते, त्याला वेळापत्रकाची सक्ती नसते, हे मला तेव्हा कळलं.

शेवटची ०.१२५ सुटायला ऑगस्ट उजाडला. सर्वांत जास्त वेळ याच टप्प्यावर गेला. पोळ्याच्या आसपास ती बंद झाली. नंतरही दोनेक आठवडे झोप तुटक होती, मग जागेवर आली. सप्टेंबरपासून थरथरीवरच गॅबापेन्टिन नावाचं दुसरं औषध सुरू आहे, छोटा डोस, रात्री. त्यानेही थोडी पेंग येते. हात क्लोनॅझेपामच्या चांगल्या दिवसांइतका शांत नाही, हे खरं सांगते. पण डोकं जागेवर आहे, मुलांची नावं आठवतात.

एवढं सगळं करून ती गोळी वाईट होती असं मला वाटत नाही. दुसरं काही चालत नव्हतं तेव्हा तिने माझं एक अख्खं वर्ष सावरलं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये या गटाच्या सगळ्या गोळ्यांवर सवय, अवलंबित्व आणि अचानक बंद करण्याबद्दलची ठळक चेतावणी आणखी कडक केली. मावसबहिणीला मी तेवढंच सांगितलं: घे, पण फाइलवर 'बंद कशी करायची' हे लिहून घेऊन मग घे. आणि मनाने वाढवू नकोस, मनाने सोडूही नकोस.

गोळ्यांशिवाय ज्या गोष्टींचा उपयोग झाला त्या अशा. जाड पेन, त्यावर सायकलच्या मुठीचं रबर कापून चढवलंय. लिहिताना कोपर आणि मनगट दोन्ही टेकलेलं. कोरा चहा बंद, दुधाचाही दिवसातून एकच, कारण चहा-कॉफीने माझी थरथर वाढते. लग्नात वरण-बट्टी असली की मी सरळ मोठा चमचा मागते, कुणी बघितलं तर बघितलं. आणि आप्पांसारखा अर्धा भरलेला स्टीलचा ग्लास.

पुढं काय, हेही मॅडमना विचारून ठेवलंय. बोटॉक्सची इंजेक्शनं असतात, मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया असते, चिरफाड न करता अल्ट्रासाऊंडने करायचा उपचारही आहे. ते सगळं मोठ्या शहरांत, आणि ज्यांना घास तोंडापर्यंत नेता येत नाही अशांसाठी आधी. मी तिथं नाही. पुढची तारीख डिसेंबरची आहे. तेव्हा जिनिंग जोरात असेल, पंप जास्त लागेल आणि हात थोडा जास्त हलेल, हे त्यांच्या फाइलवर आधीच लिहून घेतलंय, म्हणजे त्या दिवशीची चकली बघून कुणी उगाच डोस वाढवायला नको.